घरगुती संगणकाची स्थायी स्मृती : भरवशाच्या संग्रहसाधनाची निवड

संगणकाची स्मृती दोन प्रकारची असते. पहिली काम चालू असेपर्यंतच टिकणारी. वीज खंडित होताच ती पुसली जाते. दुसरी स्थायी, वीज नसतानाही ती माहिती जपून ठेवते. पहिल्या स्मृतीवर संगणकाचे चालू काम अवलंबून असते, तर दुसरीवर त्याच्या मालकाचे पुष्कळ काही अवलंबून असते. लग्नकार्यातील छायाचित्रे, मुलांची गुणपत्रके, जमिनीच्या आणि घराच्या कागदपत्रांच्या प्रतिमा, प्राप्तिकराची विवरणपत्रे, दिवंगत आप्तांचे ध्वनिमुद्रित आवाज, एखाद्या अभ्यासकाचा अर्धवट राहिलेला प्रबंध अशा सर्व गोष्टी पूर्वी ट्रंकेत किंवा कपाटात असत. आता त्या तळहाताहून लहान अशा एका साधनात साठवलेल्या असतात. कागद जुना होऊ लागला की पिवळा पडतो, त्याला वाळवी लागते, आणि घरातील माणसांना त्याची चाहूल लागते. संगणकातील संग्रहसाधन मात्र काल सायंकाळपर्यंत सुरळीत चालते आणि आज सकाळी उघडत नाही, असे पुष्कळदा घडते. म्हणूनच या साधनाची निवड केवळ किंमत आणि वेग पाहून करणे पुरेसे नाही. ते कसे चालते आणि कसे निकामी होते, याची स्थूल कल्पना ग्राहकाला असणे आवश्यक आहे.

फिरणारी तबकडी

स्थायी स्मृतीसाठी दीर्घकाळ वापरले गेलेले साधन म्हणजे चुंबकीय तबकडी. सर्वसामान्य व्यवहारात तिला हार्ड डिस्क असे म्हणतात. अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने १९५६ मध्ये या जातीचे पहिले व्यापारी यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे साठवता येत असत. पुढे यंत्राचा आकार घटत गेला आणि क्षमता लक्षावधी पटींनी वाढली. परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. चुंबकीय लेप दिलेली तबकडी वेगाने फिरते आणि तिच्या पृष्ठभागापासून अतिसूक्ष्म अंतरावर तरंगणारे शीर्ष त्या लेपातील सूक्ष्म क्षेत्रांची चुंबकीय दिशा वाचते किंवा बदलते.

या रचनेची मर्यादा यांत्रिक आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करण्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याइतका, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक, काळ थांबावे लागते. शीर्ष योग्य मार्गावर नेण्याचा वेळ त्याहून वेगळा. सलग लिहिलेला मोठा चित्रपट वाचताना ही दिरंगाई जाणवत नाही. परंतु संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फाइली तबकडीच्या निरनिराळ्या भागांतून गोळा कराव्या लागतात, आणि तेथे हे काही मिलिसेकंद साचत साचत मिनिटांपर्यंत जातात. जुना संगणक ‘मंदावला’ अशी तक्रार केली जाते तेव्हा बहुधा त्याचा प्रक्रियक थकलेला नसतो. तो तबकडीची वाट पाहत बसलेला असतो.

कोंडलेला विद्युत् भार

घन-अवस्था संग्रहसाधनात, म्हणजेच बाजारात ज्याला एसएसडी म्हणतात त्यात, फिरणारा एकही भाग नसतो. त्याच्या मुळाशी असलेली कल्पना १९६७ मधील आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी या दोघांनी असा ट्रान्झिस्टर मांडला, की ज्याच्या आत चारही बाजूंनी निरोधक थराने वेढलेले एक वाहक बेट होते. पुरेसा विद्युत् दाब दिला असता इलेक्ट्रॉन त्या निरोधक थरातून आत शिरतात आणि दाब काढून घेतल्यावर आतच अडकून पडतात. बेटावर इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून ‘शून्य’ किंवा ‘एक’ वाचता येतो. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी याच तत्त्वावर आधारलेली, मोठ्या समूहात एकदम पुसता येणारी स्मृती १९८४ मध्ये जाहीर केली. पुसण्याची ही क्रिया छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखी क्षणात होते, म्हणून तिला ‘फ्लॅश’ हे नाव पडले. १९८७ मध्ये त्यांनीच ‘नँड’ ही अधिक दाट आणि म्हणून स्वस्त रचना पुढे आणली. आजची बहुतेक सर्व घरगुती घन-अवस्था साधने या नँड प्रकाराची आहेत.

या स्मृतीचा मोठा गुण म्हणजे तिचा प्रतिसाद. तबकडीला जेथे मिलिसेकंद लागतात तेथे फ्लॅश स्मृतीचे वाचन मिलिसेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात, कित्येकदा त्याहूनही कमी वेळात होते. मात्र तिला दोन जन्मजात दोष आहेत. पहिला झिजेचा. इलेक्ट्रॉन आत घालताना आणि बाहेर काढताना निरोधक थरावर जो ताण पडतो, त्यामुळे तो हळूहळू खराब होतो. अर्थात प्रत्येक कप्प्याला ठरावीक वेळाच लिहिता व पुसता येते. दुसरा गळतीचा. अडकवलेला भार कायमचा अडकून राहत नाही; अतिशय मंद गतीने का होईना, तो गळत असतो आणि तापमान वाढले की ही गळती वाढते.

एका कप्प्यात किती बिट?

प्रारंभी प्रत्येक कप्प्यात एकच बिट साठवत असत. त्यासाठी भाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात. पुढे क्षमता वाढवण्यासाठी एका कप्प्यात दोन, तीन आणि नंतर चार बिट साठवले जाऊ लागले. तीन बिटांसाठी भाराच्या ८ आणि चार बिटांसाठी १६ पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. एका पेल्यात पाणी आहे की नाही हे सांगणे सोपे. परंतु त्याच पेल्यावर १६ रेघा ओढून पाणी नेमके कोणत्या रेघेपर्यंत आहे हे ओळखायचे झाले, तर थोडेसे बाष्पीभवनही घोटाळा करते. फ्लॅश स्मृतीचे तसेच आहे. एकबिटी कप्पे सुमारे एक लाख वेळा लिहिता-पुसता येत असत. त्रिबिटी कप्प्यांसाठी ही संख्या साधारणतः एक ते तीन हजार, तर चतुर्बिटी कप्प्यांसाठी त्याहूनही कमी धरली जाते. बाजारात त्रिबिटी प्रकाराला टीएलसी आणि चतुर्बिटी प्रकाराला क्यूएलसी असे म्हणतात.

कप्पे जितके लहान तितके त्यांत मावणारे इलेक्ट्रॉन कमी, आणि गळतीचा परिणाम तितका अधिक. २०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० इव्हो या सपाट रचनेच्या त्रिबिटी साधनात याचा प्रत्यय आला. काही महिन्यांपूर्वी लिहिलेली माहिती वाचताना ते कमालीचे मंद होऊ लागले. बदललेली भारपातळी ओळखण्यासाठी त्याला पुनःपुन्हा प्रयत्न करावे लागत होते. कंपनीला नियंत्रकाची आज्ञावली सुधारून द्यावी लागली. पुढे कप्पे एकाच पातळीत लहान करत जाण्याऐवजी ते मजल्यांप्रमाणे एकावर एक रचण्याची पद्धत रूढ झाली. २०१३ मध्ये २४ थरांपासून सुरू झालेली ही रचना आज २०० थरांच्याही पुढे गेली आहे. या बदलामुळे कप्प्यांना थोडा मोठा आकार परत मिळाला आणि त्रिबिटी स्मृती घरगुती वापरासाठी पुरेशी भरवशाची ठरली.

पडद्याआडचा कारभारी

फ्लॅश स्मृतीत लिहिणे ‘पान’ या लहान एककात होते; पुसणे मात्र शेकडो पानांच्या ‘गठ्ठ्या’तच करता येते. त्यामुळे लिहिलेले एक पान जागच्या जागी बदलता येत नाही. नवी माहिती दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहायची, जुने पान रद्द ठरवायचे आणि सवडीने गठ्ठ्यातील उपयोगी पाने अन्यत्र हलवून तो गठ्ठा पुसायचा, असा हा व्यवहार आहे. तो पाहणारा एक लहान प्रक्रियक प्रत्येक साधनात असतो. त्याला नियंत्रक म्हणतात. कोणती माहिती कोठे आहे याची वही ठेवणे, सर्व गठ्ठ्यांवर झीज सारखी वाटून देणे, वाचनातील चुका गणिती संकेतांच्या साहाय्याने दुरुस्त करणे आणि नादुरुस्त गठ्ठे बाजूला काढून राखीव गठ्ठे वापरात आणणे ही त्याची कामे होत.

ही वही झटपट चाळता यावी म्हणून काही साधनांत डीरॅम ही जलद स्मृती स्वतंत्रपणे बसवलेली असते. एक टेराबाइट क्षमतेमागे सुमारे एक गिगाबाइट डीरॅम असा सर्वसाधारण हिशेब आहे. स्वस्त साधनांत ती वगळतात. त्यांपैकी एनव्हीएमइ जातीची अनेक साधने संगणकाच्या मुख्य स्मृतीचा लहानसा भाग त्या कामी उसना घेतात आणि घरगुती कामाला ते पुरतेही. परंतु डीरॅम नसलेल्या आणि जुन्या साटा जोडणीने चालणाऱ्या स्वस्त साधनांना ही सोय उपलब्ध नसते. अशी साधने भरत आली की अतिशय मंदावतात. म्हणून घन-अवस्था साधन कोणतेही असो, त्याची दहा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवणे हिताचे असते. कारभाऱ्याला गठ्ठे हलवायला मोकळी जागा लागतेच.

नियंत्रकाच्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात, आणि साधन अकस्मात बंद पडण्याचे कारण पुष्कळदा कप्प्यांच्या झिजेत नसून या आज्ञावलीत असते. २०१२ च्या प्रारंभी क्रुशियल कंपनीच्या एम-४ या साधनात एक विलक्षण दोष आढळला. एकूण ५,१८४ तास चालल्यानंतर ते दर तासाला प्रतिसाद देणे थांबवू लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइज या कंपनीने तिच्या सर्व्हरांतील काही साधने ३२,७६८ तास पूर्ण होताच कायमची निकामी होतील, असा इशारा दिला. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात. एकाच दिवशी बसवलेली अशी अनेक साधने एकाच वेळी बंद पडण्याचा धोका त्यात होता. दोन्ही प्रसंगी सुधारित फर्मवेअर हाच उपाय होता. यावरून असा बोध घेता येतो, की फर्मवेअर सुधारून देण्याची परंपरा असलेला उत्पादक निवडावा आणि वर्षातून एकदोनदा त्याच्या संकेतस्थळावर सुधारणा आली आहे काय ते पाहावे.

संमिश्र साधनाचा उदय आणि अस्त

घन-अवस्था स्मृती फार महाग होती त्या काळात तबकडीची स्वस्त क्षमता आणि फ्लॅशचा वेग यांची सांगड घालण्याचा विचार पुढे आला. २००७ मध्ये पहिली संमिश्र साधने बाजारात आली. परंतु त्यांतील फ्लॅश फारच थोडी होती. २०१० मध्ये सीगेट कंपनीने ५०० गिगाबाइटच्या तबकडीला ४ गिगाबाइट फ्लॅशची जोड देऊन हा प्रकार लोकप्रिय केला. वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत फ्लॅशमध्ये ठेवायची, म्हणजे दुसऱ्यांदा ती लवकर मिळते, असे त्याचे तत्त्व होते. संगणक सुरू होण्याचा वेळ त्यामुळे खरोखर कमी होत असे. परंतु रोजच्यापेक्षा वेगळे काम काढले, की ते पुन्हा सामान्य तबकडीप्रमाणेच वागे.

२०१२ मध्ये ॲपल कंपनीने निराळा मार्ग घेतला. तिच्या फ्युजन ड्राइव्हमध्ये १२८ गिगाबाइटचे घन-अवस्था साधन आणि मोठी तबकडी ही दोन स्वतंत्र साधने एकच असल्यासारखी जोडलेली होती. येथे प्रत ठेवली जात नसे. माहितीच एका जागेहून दुसऱ्या जागी हलवली जात असे. या दोन पद्धतींतील फरक विश्वसनीयतेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहिल्या पद्धतीत मूळ माहिती तबकडीवर असतेच. दुसऱ्या पद्धतीत संग्रहाचा काही भाग येथे आणि काही भाग तेथे असल्यामुळे दोहोंपैकी कोणतेही एक निकामी झाले तरी संपूर्ण संग्रह कोलमडतो. दोन दुबळ्या दोरांना गाठ मारली म्हणून दोर बळकट होत नाही. कोणताही एक तुटला तरी भार खाली येतो.

इंटेल कंपनीने २०१७ मध्ये ऑप्टेन नावाची जलद स्मृती तबकडीला साहाय्यक म्हणून विक्रीस आणली. परंतु जुलै २०२२ मध्ये तो सर्व व्यवसायच गुंडाळण्याचे जाहीर केले. फ्लॅशच्या किमती दरम्यानच्या काळात इतक्या उतरल्या होत्या, की संमिश्र साधनाचे मुख्य प्रयोजन उरले नव्हते. आज दुकानात किंवा जुन्या मालाच्या बाजारात असे साधन आढळले, तर ते मुख्यतः जुनी तबकडीच आहे हे ध्यानात ठेवावे. वेग आणि मोठी क्षमता दोन्ही हवी असतील, तर संगणकप्रणाली आणि चालू काम यांसाठी एक घन-अवस्था साधन, आणि चित्रफिती व जुना संग्रह यांसाठी एक स्वतंत्र तबकडी, अशी उघड विभागणी अधिक सुरक्षित होय. कोणती माहिती कोठे आहे हे तीत मालकाला ठाऊक असते.

झिजेचे आकडे आणि त्यांचा अर्थ

उत्पादक आपल्या साधनासाठी ‘एकूण किती टेराबाइट लिहिता येतील’ असा आकडा देतात. त्याला टीबीडब्ल्यू म्हणतात. एक टेराबाइट क्षमतेच्या अनेक चांगल्या त्रिबिटी साधनांसाठी हा आकडा ६०० आणि हमीचा काळ ५ वर्षे असतो. जो टप्पा आधी येईल त्या टप्प्यावर हमी संपते. या आकड्याचा हिशेब सोपा आहे. ६०० टेराबाइट पाच वर्षांत संपवायचे, तर दररोज सुमारे ३२८ गिगाबाइट लिहावे लागतील. पत्रव्यवहार, हिशेब, छायाचित्रे आणि चित्रपट पाहणे एवढ्यापुरता वापर असलेल्या घरात दिवसाला २० गिगाबाइट लिहिले गेले असे धरले, तरी तो आकडा गाठण्यास ८२ वर्षे लागतील. अर्थात सामान्य घरात साधन झिजून मरत नाही. ते त्यापूर्वीच अन्य कारणाने निकामी होते किंवा कालबाह्य होते. म्हणून केवळ या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही. हमी तीन वर्षांची आहे की पाच, हा भेद मात्र उत्पादकाचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे हे दर्शवतो.

प्रत्यक्ष वापरातील अनुभव काय सांगतो? टोरांटो विद्यापीठातील बियांका श्रोडर यांनी गूगलमधील राघव लागिसेट्टी आणि आरिफ मर्चंट यांच्यासह त्या कंपनीच्या माहितीकेंद्रांतील फ्लॅश साधनांचा सहा वर्षांचा तपशील अभ्यासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. घन-अवस्था साधने तबकड्यांच्या तुलनेने कमी वेळा बदलावी लागतात, ही त्यांतील समाधानाची बाब. परंतु दुरुस्त न होऊ शकणाऱ्या वाचनचुका त्यांत तबकड्यांपेक्षा अधिक आढळल्या. निरनिराळ्या प्रतिकृतींपैकी २० ते ६३ टक्के साधनांत पहिल्या चार वर्षांत अशी निदान एक तरी चूक झाली. महाग एकबिटी साधने त्या अभ्यासात स्वस्त प्रकारांहून अधिक विश्वसनीय ठरली नाहीत. शिवाय किती लिहिले गेले याच्याइतकाच साधनाच्या वयाचाही चुकांशी संबंध दिसून आला. कमी वापरलेले म्हणून पाच वर्षांचे जुने साधन नव्यासारखे समजणे या दृष्टीने योग्य नव्हे.

साधन स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. चालू तास, वापरलेली आयुर्मर्यादा, शिल्लक राखीव गठ्ठे आणि वाचनचुका यांची ही नोंद क्रिस्टलडिस्कइन्फो यांसारख्या विनामूल्य आज्ञावलींच्या साहाय्याने पाहता येते. राखीव गठ्ठे झपाट्याने कमी होऊ लागले किंवा चुकांचा आकडा वाढू लागला, की साधन बदलावे. परंतु नोंद निर्मळ आहे म्हणून निश्चिंत राहू नये. गूगलनेच २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, एक लाखाहून अधिक तबकड्यांच्या अभ्यासात, निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक तबकड्यांनी चार प्रमुख धोकासूचक नोंदींपैकी एकीतही पूर्वसूचना दिली नव्हती.

वीज आणि उष्णता

माहितीकेंद्रांतील साधनांत विद्युत् धारित्रे बसवलेली असतात. वीज अकस्मात गेली तरी हाती घेतलेले लेखन पूर्ण करण्याइतकी ऊर्जा ती पुरवतात. घरगुती साधनांत ही पूर्ण व्यवस्था बहुधा नसते. नियंत्रक आपली वही अद्ययावत करत असतानाच वीज गेली, तर नुकतीच लिहिलेली माहिती नष्ट होऊ शकते, आणि क्वचित संपूर्ण साधनच ओळखले जाईनासे होते. भारतातील अनेक गावांत आणि नगरांत वीज जाणे व दाब कमीअधिक होणे नित्याचे असल्यामुळे मेजावरील संगणकाला यूपीएस जोडणे हा विश्वसनीयतेसाठी केलेला सर्वांत सार्थ खर्च ठरतो. मांडीवरच्या संगणकात त्याची बॅटरीच हे काम करते. म्हणून निकामी बॅटरी काढून तो थेट विजेवर चालवणे साधनाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

घरगुती साधने सामान्यतः ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालवण्यासाठी बनवलेली असतात. त्याच्या आसपास पोचल्यावर नियंत्रक स्वतःच वेग कमी करतो. विदर्भातील किंवा राजस्थानातील उन्हाळ्यात, वारा न खेळणाऱ्या खोलीत आणि धुळीने भरलेल्या खोक्यात ही वेळ लवकर येते. अतिजलद साधनांवर उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टी बसवणे आणि खोक्यातील पंखे स्वच्छ ठेवणे एवढी काळजी पुरेशी असते.

बंद करून ठेवलेल्या साधनाचा विचार वेगळा. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषानुसार, घरगुती साधनाने आपली संपूर्ण लेखनमर्यादा वापरून संपवल्यानंतरही ३० अंश सेल्सिअस तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नव्या साधनात ती याहून पुष्कळ अधिक काळ टिकते. तरीही भारगळतीचा नियम सर्वांना लागू असल्यामुळे, घन-अवस्था साधनात छायाचित्रे भरून ते वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे इष्ट नाही. दीर्घकाळ बाजूला ठेवायच्या संग्रहासाठी चुंबकीय तबकडी आजही अधिक योग्य आहे.

खरेदीचे निकष

प्रथम संगणकाची जोडणी पाहावी. जुन्या संगणकात साटा ही जोडणी असते. तिच्या तिसऱ्या पिढीत घन-अवस्था साधन सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वेगाने चालते. नव्या संगणकात एम-डॉट-टू ही लांबट खाच असते आणि तीत बसणारी एनव्हीएमइ साधने सेकंदाला ३,५०० मेगाबाइट, तर पुढील पिढ्यांत ७,००० मेगाबाइट व त्याहून अधिक वेग गाठतात. एम-डॉट-टू आकाराची साधने साटा आणि एनव्हीएमइ अशी दोन्ही प्रकारची असतात आणि दिसण्यात सारखीच भासतात. म्हणून खाच पाहून खरेदी न करता मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहणे अवश्य आहे. वेगाच्या या आकड्यांनी फार भारावून जाण्याचे कारण नाही. तबकडीवरून साध्या साटा साधनाकडे येताना होणारा बदल प्रत्येकाला जाणवतो. तेथून अतिजलद साधनाकडे जाताना होणारा बदल सामान्य कामात फारसा लक्षात येत नाही.

क्षमता गरजेहून थोडी अधिक घ्यावी. वेष्टनावरील एक टेराबाइट म्हणजे दशमान पद्धतीने एक लाख कोटी बाइट. विंडोज प्रणाली तोच आकडा द्विमान पद्धतीने मोजून सुमारे ९३१ गिगाबाइट असा दाखवते. ही फसवणूक नव्हे. मोजमापाची रीत तेवढी वेगळी आहे. एकाच मालिकेतील मोठ्या क्षमतेच्या साधनाची लेखनमर्यादाही साधारणतः त्याच प्रमाणात मोठी असते.

नँड चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. दक्षिण कोरियातील सॅमसंग आणि एसके हायनिक्स, जपानमधील किऑक्सिया, अमेरिकेतील मायक्रॉन आणि सॅनडिस्क, तसेच चीनमधील यांगत्से मेमरी या त्या होत. बाजारात मात्र शेकडो नावे दिसतात. ही इतर नावे चिप आणि नियंत्रक विकत घेऊन साधने जुळवतात. त्यांतील काही उत्तम असतात. परंतु एकाच नावाच्या साधनात आज एक चिप आणि सहा महिन्यांनी दुसरी, असेही होते. २०२१ मध्ये काही प्रख्यात उत्पादकांनीही साधनाचे नाव न बदलता आतील भाग बदलल्याचे उघडकीस आले होते. त्यामुळे कित्येक वर्षांपूर्वीच्या परीक्षणावर विसंबू नये, आणि डीरॅम, कप्प्यांचा प्रकार व लेखनमर्यादा यांचा माहितीपत्रकात स्पष्ट उल्लेख नसलेले साधन टाळावे.

बनावट मालाचा धोका खरा आहे. नगण्य किमतीत प्रचंड क्षमता देऊ करणाऱ्या बाह्य साधनांत पुष्कळदा एखादे लहान मेमरी कार्ड बसवलेले असते आणि त्याच्या आज्ञावलीत खोटी क्षमता नोंदवलेली असते. असे साधन फाइलींची नावे दाखवत राहते. परंतु आतील माहिती मात्र केव्हाच नष्ट झालेली असते. म्हणून नवे साधन वापरात आणण्यापूर्वी एकदा पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावे. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री या विनामूल्य आज्ञावली हे काम करतात. भारतात वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकांच्या तक्रारींसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. हा मजकूर नसलेले साधन स्वस्त मिळाले तरी त्याची हमी येथे मिळेलच असे नाही. पावती जपून ठेवावी आणि साधनाचा अनुक्रमांक उत्पादकाकडे नोंदवावा. तक्रार न सुटल्यास १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेकडे दाद मागता येते.

हमी कशाची?

एक गोष्ट मात्र कोणत्याही हमीपत्रात मिळत नाही. हमी साधनाची असते. त्यातील माहितीची नसते. पाच वर्षांच्या आत साधन निकामी झाले, तर उत्पादक त्याच्या बदली दुसरे कोरे साधन देतो. गेलेली छायाचित्रे तो देऊ शकत नाही. तबकडी बिघडली असता तज्ज्ञ प्रयोगशाळेत पुष्कळदा तीतील माहिती बाहेर काढता येते. घन-अवस्था साधनात हे काम अधिक अवघड असते. माहिती अनेक चिपांवर विखुरलेली असते, ती बहुधा सांकेतिक रूपात असते आणि तिचा नकाशा निकामी झालेल्या नियंत्रकापाशीच असतो. शिवाय पुसलेल्या फाइलींची पाने रिकामी करण्याची सूचना आजच्या प्रणाली साधनाला आपोआप देतात. म्हणून चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही तेथे फारच अल्प असते.

यावर उपाय एकच, आणि तो जुना आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. एक प्रत संगणकातील घन-अवस्था साधनावर, दुसरी केवळ प्रत घेण्यापुरत्याच जोडल्या जाणाऱ्या बाह्य तबकडीवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील संग्रहसेवेत, एवढी व्यवस्था सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील आहे. वर्षातून एकदा त्या प्रतीतून काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास ठेवता येत नाही.

खर्चाचा विचार करताना हा क्रम उपयोगी पडेल. पैसे मर्यादित असतील, तर सर्वांत महाग साधन घेण्यापेक्षा विश्वासू उत्पादकाचे मध्यम किमतीचे त्रिबिटी साधन घ्यावे आणि उरलेल्या रकमेतून बाह्य तबकडी घ्यावी. पहिल्या साधनामुळे संगणक वेगाने चालेल. दुसऱ्यामुळे त्या कुटुंबाची स्मृती टिकेल. उत्तमोत्तम संग्रहसाधनही एके दिवशी बंद पडणारच. तो दिवस केवळ दुकानाच्या फेरीवर निभावेल की एका पिढीच्या छायाचित्रांची हानी करून जाईल, हे साधन विकत घेण्याच्या वेळीच बहुतांशी ठरलेले असते.